६२ टक्के म्हणजे जिंकणारच का? प्रेडिक्शन मार्केटचे आकडे वाचायचे कसे?

शुभदा_एडिसन

नमस्कार मंडळी. प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता. काल घरात वाद झाला म्हणून आज इथे मांडतेय.

माझा धाकटा भाऊ सांगलीला असतो. ५ नोव्हेंबर २०२४ला, इथे अमेरिकेत मतदान होतं त्या दिवशी, मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पॉलिमार्केटचा (पुढे काय घडेल यावर लोक पैसे लावतात तो ऑनलाइन बाजार, म्हणजेच प्रेडिक्शन मार्केट) स्क्रीनशॉट टाकला होता. ट्रम्प ६२, हॅरिस ३८. ऑफिसात सगळे तोच आकडा बघत होते म्हणून टाकला, एवढंच. ट्रम्प जिंकले. तेव्हापासून भावाचं एकच पालुपद: "ताई, चॅनेलवाले काही का बोलेनात, बाजाराला आधीच कळलेलं असतं."

मग मे २०२५मध्ये नवे पोप निवडायची वेळ आली. हा रोज सकाळी आकडे पाठवायचा. पारोलिन सगळ्यात वर, त्यांच्या खाली टागले. निवडून आले प्रेव्होस्ट, ज्यांच्या नावापुढे एक टक्क्याच्या आसपास आकडा होता. त्या दिवसापासून भाऊ म्हणतो, बाजार बोगस आहे.

काल व्हिडिओ कॉलवर पुन्हा तेच निघालं. आई शेंगा सोलत बसली होती. तिने विचारलं, "एकदा खरा आणि एकदा खोटा, असं कसं रे? तो आकडा म्हणजे काय ते तरी सांगा कुणीतरी." आम्ही दोघंही गप्प. मी अकाउंट्समध्ये काम करते, दिवसभर आकड्यांतच असते, पण तिला समजेल असं एक वाक्य मला सुचलं नाही.

पैसे लावायचे नाहीत, तो विचारही नाही. पण हे आकडे आता बातम्यांतही दिसायला लागलेत. दिसले की वाचायचे कसे, एवढं कुणी समजावून सांगेल का?

हरिपाठक

६० च्या वर म्हणजे फर्स्ट क्लास. पेढे वाटा!

मृदुला_व

वाचतेय. मलाही हाच प्रश्न आहे.

निरंजन_के

शुभदाताई, सुरुवात अगदी चिठ्ठीपासून करू. समजा एका चिठ्ठीवर लिहिलंय, 'अमुक उमेदवार जिंकला तर हिचा एक डॉलर मिळेल, हरला तर काही नाही.' ही चिठ्ठी आज बाजारात ६२ सेंटला मिळतेय. घेणाऱ्याला वाटतं ती ६२च्या वरची आहे, विकणाऱ्याला वाटतं खालची. दोघांची गाठ ६२वर पडली. तुम्हाला टक्के म्हणून दिसतो तो हा भाव. अशा शंभर चिठ्ठ्या वेगवेगळ्या वेळी घेतल्या आणि त्यातल्या ६२ना डॉलर मिळाला, तर घातलेले पैसे जेमतेम परत येतात. म्हणून त्या भावाला आपण शक्यता म्हणतो.

हरिपाठकांनी गमतीत लिहिलं, पण खरोखर बरेच लोक हा आकडा मार्कांसारखाच वाचतात. ६२ म्हणजे पास, ३८ म्हणजे काठावर. दुसरे काही जण तो मतांची टक्केवारी समजतात. ट्रम्प यांना प्रत्यक्षात ४९.८ टक्के मतं पडली, हॅरिस यांना ४८.३. त्या ६२चा याच्याशी संबंध नव्हता. घासून होणाऱ्या लढतीतही कोण पुढे राहील याची शक्यता ६२ असू शकते, आणि एकतर्फी लढतीत ती ९८ असेल.

अजून एक, हे मी मुद्दाम बघून आलो. एका छोट्या, फारसं कुणी न फिरकणाऱ्या प्रश्नाचं पान उघडलं. मोठ्या ठळक अक्षरात ४५ टक्के. खाली जाऊन मागणी-पुरवठ्याची यादी बघितली तर घेणारा ४१ द्यायला तयार, विकणारा ४९ मागतोय, आणि दोन्हीकडे मिळून माल किती, तर शे-दीडशे डॉलरचा. ४५ला कुणी घेतलेलंही नाही आणि विकलेलंही नाही. तो नुसता मधला आकडा. अशा ठिकाणी '४५ टक्के' म्हणणं धाडसाचं आहे. 'चाळीस ते पन्नासच्या मध्ये कुठेतरी' एवढंच म्हणावं. अध्यक्षीय निवडणुकीसारख्या मोठ्या बाजारात हे अंतर सेंटभराचं किंवा त्याहूनही कमी असतं, तिथे आकड्यावर जास्त विसंबता येतं.

आबा_फोंडेकर

निरंजनने छान सांगितलं. मी बँकेतून निवृत्त झालोय, फुटबॉलच्या नादामुळे जुन्या पद्धतीचे भाव वाचायची सवय आहे, म्हणून थोडी भर.

एकच गोष्ट चार तऱ्हांनी लिहितात आणि माणूस गोंधळतो. ६२ सेंटचा भाव युरोपी पद्धतीत १.६१ असा दिसेल: एक लावला तर मुद्दलासकट १.६१ परत. एकाला १.६१ने भागा, ६२ टक्के आले. अमेरिकी पद्धतीत तोच -१६३ लिहितात, म्हणजे १०० कमवायला १६३ लावावे लागतात. अधिक चिन्ह असेल, समजा +१५०, तर १०० लावून १५० मिळतात. म्हणजे २५०त १००, शक्यता ४० टक्के. आपल्याकडे पैशांत बोलतात. '३० पैसे' म्हणजे रुपयाला ३० पैसे नफा. १ भागिले १.३०, साधारण ७७ टक्के. भाव जितका कमी तितका उमेदवार भारी, इथेच नवखा माणूस उलटं वाचतो.

दुसरी गोष्ट दुकानदाराच्या कमाईची. बरोबरीच्या दोन संघांना बेटिंग कंपनी १.९०-१.९० देते. दोन्हीचे टक्के काढा: ५२.६ आणि ५२.६. बेरीज १०५.२. शक्यतांची बेरीज शंभराच्या वर जाऊच शकत नाही, तेव्हा वरचे पाच दुकानदाराचे. प्रत्येक आकड्याला एकूण बेरजेने भागलं की खरा हिशेब मिळतो, ५० आणि ५०. शुभदासारख्या अकाउंट्सवालीला हे सांगायला नको. प्रेडिक्शन मार्केटमध्ये लोक आपसांत घेतात-विकतात, त्यामुळे ही सूज बरीच कमी असते. पण उमेदवार वीस-पंचवीस असले की तिथेही सगळ्यांची बेरीज करून बघावी.

शुभदा_एडिसन

आबा, बेरजेचं एकदम पटलं. पोपच्या यादीची बेरीज करायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गिरणगाव

सगळ्यांची क्षमा मागून वेगळं बोलतो. हा सट्टा आहे. इंग्रजी नाव दिलं, आलेख काढला, टक्के लावले, तरी सट्टाच.

मी लालबागचा. माझे आजोबा गिरणीत साच्यावर होते. आमच्या भागात आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर आकडा लावायचे. १९६१च्या सुमारास तिकडून ते भाव येणं बंद झालं, तर लोकांनी मडक्यात चिठ्ठ्या घालून आकडा काढायला सुरुवात केली. मटका हे नाव तिथून आलं. आजोबा पगाराच्या दिवशी घरी यायच्या आधी ओपन लावून यायचे, रात्री क्लोजची वाट बघत जागे राहायचे. आजीने मंगळसूत्रातली वाटी विकली ती १९७०च्या दशकात, आणि ती गोष्ट ती मरेपर्यंत कुणाशी बोलली नाही. मला वडिलांनी सांगितली.

त्यामुळे 'बाजार सांगतो' असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. बाजार काही सांगत नाही. लोक पैसे लावतात.

जिरायती

गिरणगाव दादा, तुमच्या घरचं वाचून वाईट वाटलं. पण मटक्यात आणि यात एक फरक मला दिसतो. मडक्यातल्या चिठ्ठीला बाहेरचं काहीच माहीत नसतं. कितीही विचार करून लावा, आकडा कोणता निघेल ते तुमच्या ज्ञानावर अवलंबून नाही. निवडणुकीचा किंवा व्याजदराचा प्रश्न असेल तर कुणीतरी गावोगाव फिरलेला असतो, कुणी आकडेवारी चाळलेली असते, आणि ते माहीत असलेलं भावात उतरतं. लावणाऱ्याचं घर बुडायचं ते दोन्हीकडे बुडतं, हे मात्र तुमचं खरं.

मी शेतकरी आहे, परभणी जिल्ह्यात. कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मला बाजाराचं माहीत नाही पण टक्क्यांचं माहीत आहे, कारण माझी पेरणी टक्क्यांवर चालते. फोनवर 'उद्या पाऊस ७० टक्के' दिसतं. पूर्वी ७० दिसले आणि पाऊस नाही आला की मी अ‍ॅपला शिव्या द्यायचो. एका वर्षी तसं बघून पेरलं, पावसाने तीन आठवडे ताण दिला, दुबार पेरणी करावी लागली. बियाण्याच्या दोन पिशव्या उधारीवर आणल्या.

त्यानंतर वही केली. मुलाची जुनी शंभर पानी वही, चौकोनांची. रोज संध्याकाळी उद्याचा टक्का लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी शेतात पाऊस पडला की बरोबर, नाही पडला की फुली. पाऊस म्हणजे काय हेही पहिल्या पानावर लिहून ठेवलं: बांधावरच्या पत्र्याच्या डब्यात बोटाचं एक पेर तरी पाणी हवं, नुसता शिडकावा धरायचा नाही. दोन पावसाळे झाले. मग ६०-७०वाले सगळे दिवस वेगळे काढून मोजले. वीस-एकवीस दिवस होते, त्यातल्या तेरा दिवशी पाऊस होता. म्हणजे अ‍ॅप खोटं बोलत नव्हतं. ७० टक्क्यांच्या आत जे ३० असतात ते मी बघत नव्हतो. उलट १० टक्केवाल्या दिवसांत मात्र माझ्याकडे जास्त वेळा पडला, तिथे अ‍ॅप कमी सांगतं. आता मी त्याप्रमाणे वाचतो.

शुभदाताई, तुमचा भाऊ एकाच दिवसावरून अ‍ॅपला खरं-खोटं ठरवतोय. आधी मीही तेच करत होतो.

मृदुला_व

जिरायती, ही वही अप्रतिम आहे! याच कामाला संख्याशास्त्रात कॅलिब्रेशन म्हणतात. मी शिकवते हा विषय, पण डबा आणि बोटाच्या पेराइतकं चांगलं उदाहरण माझ्याकडे नव्हतं. तुमची परवानगी असेल तर वर्गात सांगेन.

थोडं पुढे नेते. २०२४च्या निवडणुकीत निकालांचे अंदाज वर्तवणारे नेट सिल्व्हर यांच्या मॉडेलने शेवटच्या दिवशी ८०,००० वेळा निवडणूक संगणकावर खेळवली आणि त्यातल्या ४०,०१२ वेळा हॅरिस जिंकल्या. म्हणजे अगदी नाणेफेक. बाजार त्याच वेळी ट्रम्पना ६०च्या वर देत होता. कोण बरोबर? ट्रम्प जिंकले म्हणून बाजार बरोबर असं सगळीकडे लिहिलं गेलं. पण नाणेफेक म्हणणाराही चुकला असं एका निकालावरून म्हणता येत नाही. छापा आला म्हणून नाणं ५०-५० नव्हतं असं थोडंच ठरतं?

मोजायची एक रीत आहे. ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने १९५०मध्ये सुचवली, तीही पावसाच्या अंदाजांसारख्या अंदाजांसाठीच. अंदाज आणि निकाल (घडलं तर १, नाही तर ०) यांतला फरक काढायचा आणि त्याचा वर्ग करायचा. ०.६२ म्हणालात आणि घडलं: ०.३८चा वर्ग, ०.१४. नाणेफेक म्हणणाऱ्याला ०.२५. कमी ते चांगलं. पण ट्रम्प हरले असते तर ६२वाल्याला ०.३८ लागले असते आणि नाणेफेकवाल्याला तेच ०.२५. ठाम बोलण्याची किंमत अशी मोजावी लागते. आणि हे आकडे शेकडो अंदाजांची सरासरी काढली की मगच काही सांगतात. एकाच निवडणुकीचा ब्रायर काढून भांडू नये.

हरिपाठक

माझा फर्स्ट क्लास रद्द करा. पेढे मात्र राहू देत.

स्लौचा_सदा

इंग्लंडहून. २३ जून २०१६ची रात्र आठवते. ब्रेक्झिटचं मतदान संपलं तेव्हा बाजारात युरोपात राहण्याची शक्यता ८०च्या बरीच वर होती. आम्ही तीन मराठी कुटुंबं एकत्र जेवत होतो, निश्चिंत. पहाटे उठून बघतो तर बाहेर पडणारे ५१.९ टक्क्यांनी जिंकलेले.

नंतर बेटिंग कंपन्यांनीच सांगितलं की संख्येने जास्त पैजा बाहेर पडण्याच्या बाजूने होत्या, पण मोठमोठ्या रकमा राहण्याच्या बाजूने. भाव रकमेने ठरतो, डोक्यांनी नाही. हजार माणसांचे दहा-दहा पौंड आणि एका माणसाचे दहा हजार, भावाच्या लेखी सारखेच. मतपेटीत मात्र तो एक माणूस एकच मत टाकतो.

तालीमबाज

सदाभाऊंच्या मुद्द्याला जोडून. २०२४लाही हेच घडत होतं ना? एक फ्रेंच माणूस, वर्तमानपत्रांत 'थिओ' नावाने आलेला, अनेक खात्यांतून ट्रम्पवर कोट्यवधी डॉलर लावत होता. मग तो ६२ बाजाराचा म्हणायचा की त्याचा एकट्याचा?

निरंजन_के

तालीमबाज, प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचं सरळ उत्तर नाही. त्याने स्वतःच्या पैशाने सर्वेक्षणं करवून घेतली होती. 'तुम्ही कुणाला मत देणार' याच्या जोडीला 'तुमचे शेजारी कुणाला देतील असं वाटतं' हेही विचारायला लावलं. स्वतःचं मत सांगायला लाजणारा माणूस शेजाऱ्याचं सहज सांगतो, हा त्याचा विचार. त्यातून त्याला ट्रम्प पुढे दिसले आणि त्याने सुमारे साडेआठ कोटी डॉलर कमावले. या घटनेत एका माणसाच्या पैशाने बाजारात खरोखर नवी माहिती आली.

२०१२च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीची गोष्ट उलटी. आयर्लंडमधल्या इन्ट्रेड या बाजारात एकच माणूस शेवटचे दोन आठवडे हरलेले उमेदवार रॉम्नी यांच्यावर लावत राहिला आणि सुमारे ४० लाख डॉलर हरला. त्याच्यामुळे तिथला रॉम्नींचा भाव इतर बाजारांपेक्षा वर दिसत होता. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही वेळा चित्र सारखंच: एक मोठा गिऱ्हाईक आणि चढलेला भाव.

म्हणून मी दोन-तीन ठिकाणचे भाव शेजारी ठेवून बघतो. आयोवा विद्यापीठाचा बाजार १९८८पासून आहे, तिथे एका माणसाला ५०० डॉलरच्या वर घालताच येत नाहीत. तिथे एकटा धनदांडगा भाव हलवू शकत नाही, पण एकूण लागलेला पैसाही कमी. २०२४ला पॉलिमार्केटवर अमेरिकी नागरिकांना अधिकृतपणे व्यवहार करता येत नव्हता, तर काल्शी नावाच्या अमेरिकेतल्या बाजाराला निवडणुकीच्या चिठ्ठ्या विकायची मुभा कोर्टातून मिळाली ती ऑक्टोबरमध्ये. गिऱ्हाईक वेगळं, नियम वेगळे. तरीही सगळीकडे भाव जवळपास आले तर माझा विश्वास वाढतो. एकाच ठिकाणी उंच असेल तर मी थांबतो.

गिरणगाव

शेजाऱ्याबद्दल विचारायची युक्ती खरी हुशारीची. एवढं मानतो. पण एक साडेआठ कोटी कमावतो तेव्हा समोर कितीजण गमावतात, ते कुणी लिहीत नाही.

पुण्याची_रेवा

मी गमावलेल्या बाजूचं लिहिते. माझा भाचा इंजिनीअरिंगला, हॉस्टेलवर. 'हो की नाही' असे प्रश्न विचारणारं एक अ‍ॅप त्याच्या फोनवर होतं. क्रिकेटच्या प्रत्येक षटकावर प्रश्न. 'हो' सहा रुपये, 'नाही' चार रुपये, बरोबर आलं की दहा. त्याने मला नंतर जे सांगितलं ते शब्दशः लिहिते: "मावशी, सहा दिसले की मला वाटायचं हे होणारच. महाग आहे म्हणजे खात्रीचं." दहात चार वेळा ते होणार नाही, हे त्याच भावात लिहिलेलं होतं. त्याने वसतिगृहाची फी त्यात घातली. आम्ही भरली. तो आता बरा आहे, पण क्रिकेट बघत नाही.

या प्रश्नाचं उत्तर घराघरांत माहीत असायला हवं असं मला फार वाटतं, शुभदा. लावणाऱ्यांना आणि न लावणाऱ्यांनाही.

नवा_सभासद११

भारतातून पॉलिमार्केटवर खातं कसं उघडायचं?

आबा_फोंडेकर

बाळा, उघडू नकोस. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. त्याआधी एप्रिलमध्ये सेबीनेही सांगितलं होतं की असं ओपिनियन ट्रेडिंग त्यांच्या देखरेखीखाली येत नाही, तिथे गुंतवणूकदाराला कसलंही संरक्षण नाही. वरचा रेवाताईंचा प्रतिसाद पुन्हा वाच. भाव बघायला खातं लागत नाही.

मृदुला_व

पोपच्या प्रश्नाकडे येऊ, तो राहूनच गेला. शुभदा, पारोलिन सगळ्यात वर होते म्हणजे नक्की किती होते? तीसच्याही खाली. 'आघाडीवर' हा शब्द इथे फसवतो. आघाडीवरच्याची शक्यता तीसच्या आत असेल तर बाजाराचं मुख्य म्हणणं हे की सत्तरहून जास्त शक्यता दुसऱ्याच कुणाचीतरी आहे. तुमच्या भावाने यादीतलं पहिलं नाव वाचलं. पहिल्या नावापुढचा आकडा वाचला असता तर धक्का बसला नसता.

आणि तिथे माहिती येणार कुठून? १३३ कार्डिनल (मत देणारे वरिष्ठ धर्मगुरू) दाराआड, फोन नाहीत, बाहेर पडतो तो धूर. निवडून यायला ८९ मतं लागणार होती. निवडणुकीत सर्वेक्षणं असतात, मागचे निकाल असतात. इथे भाव म्हणजे वर्तमानपत्रांतल्या चर्चेची सावली. काही प्रश्नांचे आकडे भक्कम पायावर असतात, काहींचे वाळूवर, आणि पानावर दोन्ही एकाच टाइपात छापलेले असतात.

निरंजन_के

खालच्या टोकाच्या आकड्यांबद्दल अजून एक. २०२५मध्ये पॉलिमार्केटवर 'या वर्षात येशू ख्रिस्त परत येतील का' असा प्रश्न होता. 'हो'चा भाव बराच काळ ३ टक्क्यांच्या आसपास. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवतो, हिशेब बघा. 'नाही' घ्यायचं तर ९७ सेंट वर्षभर अडकवून तीन सेंट मिळणार. तेवढं व्याज अमेरिकेत सरकारी रोख्यातही मिळतं. मग तो भाव खाली ढकलायला कोण पैसे अडकवेल? म्हणून एक-दोन-तीन टक्क्यांचे आकडे, विशेषतः निकाल लांब असेल तेव्हा, फुगलेले असू शकतात. ९७ आणि ९८ही तसेच, खऱ्या खात्रीपेक्षा कमी दिसतात. मधल्या पट्ट्यात हा त्रास कमी.

काज_बटण

अवांतर आहे, पण मला राहवत नाही. माझे वडील शिंपी, कोल्हापुरात. जुलै २०२५मध्ये पॉलिमार्केटवर युक्रेनच्या झेलेन्स्कींच्या सुटावरून मोठा तंटा झाला होता. प्रश्न असा की ते जुलै लागायच्या आत सूट घालतील का. उलाढाल २० कोटी डॉलरच्या वर! जूनमध्ये नाटोच्या बैठकीला ते काळा कोट-पँट घालून आले, कित्येक बातम्यांत त्याला सूट म्हटलं गेलं. पण निकाल 'नाही' लागला. पुरेशा विश्वसनीय सूत्रांचं एकमत नाही, असं कारण. आणि अंतिम निर्णय एका क्रिप्टो टोकनच्या मालकांच्या मतदानाने.

मी वडिलांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, खांद्याची शिवण बघितली, खिसे बघितले. म्हणाले, "कापड वर-खाली एकच आहे. पण खिसे बाहेरून लावलेत, जॅकेटसारखे. गिऱ्हाईक सूट म्हणालं तर मी सूटची शिलाई घेईन." मग थोडं थांबून: "कॉलरची पट्टी वेगळी असती तर नसती घेतली."

पन्नास वर्षं मशीनवर बसलेल्या माणसाला उत्तर द्यायला थांबावं लागलं. आणि बाजारात त्या शब्दावर २० कोटी.

जिरायती

काज_बटण, वडिलांना नमस्कार सांगा. हेच माझ्या डब्याचं. पाऊस म्हणजे किती पाणी, ते आधी ठरवलं नसतं तर मी दर आठवड्याला मनाला येईल तसं बरोबर-फुली केलं असतं.

निरंजन_के

अगदी. पानावर मथळा मोठा असतो आणि नियम खाली बारीक. टक्का त्या नियमांचा असतो. 'युद्धबंदी होईल का' या प्रश्नाखाली लिहिलेलं असतं की अधिकृत घोषणा कुणी करायची, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या घड्याळाने. प्रत्यक्षात बंदुका थांबल्या आणि घोषणा नाही झाली तर चिठ्ठीचे शून्य.

तालीमबाज

म्हणजे शुभदाताईंच्या आईला काय सांगायचं, ते अजून राहिलंच!

शुभदा_एडिसन

सांगून झालं. कालच्या रविवारी. सगळ्यांचे मनापासून आभार, त्याचाच वृत्तांत लिहायला आलेय.

भावाला मी आधी तुमचे सगळे प्रतिसाद वाचायला लावले. जिरायती, तुमचा त्याने दोनदा वाचला. मग तो उठला, स्वयंपाकघरातून स्टीलचा डबा आणला. ६२ चिंचोके मोजून घातले आणि ३८ सोललेले शेंगदाणे. झाकण लावून हलवला आणि आईसमोर धरला. "डोळे मिटून एक काढ."

आईने शेंगदाणा काढला.

भाऊ म्हणाला, "बघ, जास्त तर चिंचोके होते." आई म्हणाली, "होते ना. पण शेंगदाणे तूच घातलेस की रे." आणि खाऊन टाकला. मग त्याने ३७ शेंगदाण्यांवर पुन्हा काढायला सांगितलं तेव्हा तिने त्याला आधी एक परत घालायला लावला, नाहीतर हिशेब चुकेल म्हणाली. माझी आई सातवी शिकलेली आहे. मी इकडे स्क्रीनसमोर टाळ्या वाजवल्या.

वीस वेळा काढलं. तेरा चिंचोके, सात दाणे. मृदुला, तुम्ही म्हणता तसं एकदोनदा काढून काहीच कळत नव्हतं. दहाव्या-बाराव्यानंतर आकडा दिसायला लागला. पोपसाठी काय करायचं असं मी विचारलं, तर भाऊ म्हणाला डब्यात वीस तऱ्हेची धान्यं घालावी लागतील, आणि त्यातली काही आपण डोळे मिटून घातलेली.

आता त्याने वही केलीय. मला विचारतोय रकाने कसे आखायचे. जिरायती, सांगाल का?

जिरायती

आनंद झाला ताई. रकाने असे: तारीख, प्रश्न, त्या दिवशीचा भाव, घेणारा-विकणाऱ्यातलं अंतर, निकालाची तारीख, बरोबर-फुली. प्रश्नाखालचा नियम एका ओळीत लिहायला सांगा, तेव्हाच, निकालानंतर नाही. भाव रोज बदलतो म्हणून कधी लिहायचा तो दिवस आधी ठरवावा, मी निकालाच्या आठ दिवस आधीचा सुचवेन. आणि पेनने लिहायला सांगा. पेन्सिलने लिहिलं की खोडावंसं वाटतं, माझी पहिली वही त्यातच गेली.

शुभदा_एडिसन

कळवते त्याला. नियमासाठी जागा पुरत नाही म्हणून त्याने वही आडवी धरून आखलीय, फोटो आत्ताच आला. पहिल्या ओळीत अमेरिकी फेडच्या, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेच्या, पुढच्या बैठकीतला व्याजदर आहे. भावाचा रकाना कोरा ठेवलाय, आठ दिवस आधी भरणार म्हणाला.